धंदा-व्यवसाय करणाऱ्यांचं आयकर विवरणपत्र आणि बचत : बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी धागा

हिशेबनीस

"१२ लाखांपर्यंत कर नाही" हे वाक्य २०२५ च्या अर्थसंकल्पापासून सगळ्यांच्या तोंडी बसलंय. त्यावर विसंबून आपल्याकडचे बरेच मागवाले, लेथवाले, रंगकाम-फरशीचे ठेकेदार, टेम्पोवाले विवरणपत्र भरायचंच सोडून देतात. कर शून्य असणं आणि विवरणपत्र भरावं न लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५ मार्च तोंडावर आहे, म्हणून आत्ताच मांडतोय. इथलं सगळं आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ चं आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि कलमांचे आकडे बदलतात, पण या वर्षाचं उत्पन्न १९६१ च्या कायद्यानेच मोजायचं. त्यामुळे जुनेच आकडे लिहितो.

कुठला फॉर्म हे विचारण्याआधी आपलं काम कायद्याच्या कुठल्या खान्यात बसतं ते ठरवा. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो.

दुकान, यंत्रमाग, मजुरीवरचं मशीनिंग, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, इलेक्ट्रिशियन, बांधकामाचा ठेका, खानावळ हे सगळं कलम ४४एडी. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असावी (रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी). बँकेतून, यूपीआयने किंवा चेकने आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरायचा. वह्या ठेवायची सक्ती नाही, ऑडिट नाही.

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनिअर, इंटिरिअर डेकोरेटर, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, घरून सॉफ्टवेअरचं काम करणारे यांच्यासाठी ४४एडीए. मर्यादा ५० लाख (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख), आणि निम्मी रक्कम नफा धरायची.

मालवाहू गाड्या दहापर्यंत असतील तर ४४एई. १२ टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये, इतर गाडीला सरसकट महिन्याला ७,५००. छोट्या टेम्पोचे वर्षाला ९०,००० झाले. गाडी महिनाभर दारात उभी राहिली तरी तो महिना मोजायचा, आणि महिन्यातले चार दिवसच मालकी असली तरी पूर्ण महिना धरायचा. प्रवासी गाड्या यात बसत नाहीत, त्या ४४एडीत.

आणि ज्यांना ४४एडी अजिबात चालत नाही ते : कमिशन आणि दलालीवर काम करणारे. विमा एजंट, अडते, जमिनीचे दलाल, पिग्मी एजंट. हे लोक दरवर्षी आयटीआर-४ (वरच्या कलमांनी अंदाजे नफा धरणाऱ्यांचा छोटा फॉर्म) भरून मोकळे होतात. त्यांनी आयटीआर-३ भरायला हवा.

शहापूर_माग

सूत आणि बीम मालकाचं, आपण फक्त विणून द्यायचं, असं ज्यांचं काम आहे त्यांनी उलाढाल कुठली धरायची? साडीची किंमत की मजुरी?

हिशेबनीस

फक्त मजुरी. माल आपल्या मालकीचा कधीच नव्हता. वर्षाची मजुरी १८ लाख आहे समजा, त्यातले १२ लाख बँकेत आले आणि ६ लाख रोख. १२ लाखांचे ६ टक्के ७२,००० आणि ६ लाखांचे ८ टक्के ४८,०००, मिळून नफा १,२०,०००. नव्या करप्रणालीत पहिले ४ लाख करमुक्त, त्यामुळे कर शून्य. पण मालकाने मजुरी देताना कलम १९४सी खाली १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर) कापलेला असतो (एकाच बिलात ३०,००० वर किंवा वर्षात १ लाखावर गेलं की कापायचं बंधन आहे). तो कापलेला पैसा परत मिळवायचा एकच रस्ता : विवरणपत्र. भरलं नाही तर तो सरकारजमा.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. ६ आणि ८ टक्के हा कमीत कमी आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा, कायद्यातही तसंच लिहिलंय. वर्षाला ४ लाख हातात उरतात आणि कागदावर सव्वा लाख दाखवले, तर पुढे घराचं किंवा मशीनचं कर्ज मागताना बँक ती दोन-तीन वर्षांची विवरणपत्रंच समोर ठेवते. ४ लाख खरे दाखवले असते तरी कर शून्यच होता.

टिळकवाडी

उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खाली असलं तरी विवरणपत्र सक्तीचं होतं अशा अटी आहेत, त्या इथे असू द्या. धंद्याची उलाढाल ६० लाखांवर. व्यावसायिकाची जमा १० लाखांवर. वर्षभरात कापलेला टीडीएस २५,००० किंवा जास्त (ज्येष्ठांना ५०,०००). बचत खात्यांत मिळून ५० लाख किंवा जास्त जमा. चालू खात्यात १ कोटीवर. परदेश प्रवासावर २ लाखांवर खर्च. आणि वीजबिल वर्षाला १ लाखावर. लेथ, सीएनसी, पिठाची गिरणी, बर्फाचा कारखाना असणाऱ्यांनी ही शेवटची अट वाचूनच घ्यावी. एक अट लागू झाली तरी पुरे.

ऊसपट्टा

अण्णा, आमच्या भागात धंदा एकट्याचा नसतो. दुकान असतंय आणि चार एकर ऊसही असतोय. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून लोक आयटीआर-४ मध्ये लिहीतच नाहीत. हे बरोबर हाय काय?

हिशेबनीस

बरोबर नाही, आणि आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-४ चालतच नाही. आयटीआर-३ घ्यायचा. घाबरू नका, आयटीआर-३ मध्येही ४४एडीचा पर्याय आहेच. नफा-तोट्याचं पूर्ण पत्रक भरावं लागत नाही, वह्या नसलेल्यांसाठी छोटा भाग आहे.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण इतर उत्पन्नावरचा कर कुठल्या दराने लागेल ते ठरवताना ते मिळवून धरतात. कारखान्याचं बिल बँकेत येतं, त्यामुळे ते लपून राहत नाही. गणित असं.

धंद्याचा नफा ६ लाख, उसाचं निव्वळ ३ लाख. दोन्ही मिळून ९ लाखांवर नव्या दराने कर ३०,०००. मग शेती ३ लाख अधिक करमुक्त ४ लाख अशा ७ लाखांवरचा कर १५,०००. फरक १५,०००. कराचं एकूण उत्पन्न ६ लाखच (शेती त्यात मोजत नाहीत), म्हणजे १२ लाखांच्या आत, म्हणून ८७ए ची सूट मिळते आणि कर शून्य.

आता धंद्याचा नफा ११ लाख आणि ऊस ४ लाख घ्या. १५ लाखांवर कर १,०५,०००. शेती ४ अधिक ४ अशा ८ लाखांवरचा कर २०,०००. फरक ८५,०००. सूट जास्तीत जास्त ६०,००० ची. उरले २५,०००, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण २६,०००. उत्पन्न १२ लाखांच्या आत असूनही कर आला. ऊस असणाऱ्या दुकानदाराने हे गणित मार्चमध्येच करून बघावं, कारण हा कर १० हजारांवर आहे, म्हणजे आगाऊ भरायचा.

दुधाचा धंदा शेतीत येत नाही. डेअरीला घातलेलं दूध हे धंद्याचं उत्पन्न, ४४एडीत घ्यायचं.

ऊसपट्टा

निव्वळ म्हणजे बी-बियाणं, खत, तोडणी, पाणीपट्टी वजा करून?

हिशेबनीस

होय, शेतीसाठी झालेला खर्च वजा करून. खत-औषधांची बिलं, कारखान्याच्या पावत्या आणि उतारा एका फाइलीत ठेवा. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ लाखांवर असेल तर आयटीआर-३ मध्ये जमीन कुठल्या जिल्ह्यात, किती एकर, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत हेही लिहावं लागतं. जमीन चंदगड किंवा गडहिंग्लजला आणि घर बेळगावला असं असेल तर जमीन जिथे आहे तो जिल्हा आणि तिथला पिनकोड घाला.

वहीखाते

आगाऊ कराबद्दल. ४४एडी आणि ४४एडीए वाल्यांना चार हप्ते नाहीत, सगळा कर १५ मार्चपर्यंत एकदाच. ४४एई वाले आणि कमिशनवाले मात्र चार हप्त्यांत : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत १००. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० च्या आत असेल तर आगाऊ कर नाही. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्यांना सूट आहे. पण ज्येष्ठ असून दुकान चालवत असाल तर ही सूट नाही.

१५ मार्च चुकला तर ३१ मार्चपर्यंत भरलेलं आगाऊ करातच धरतात, फक्त २३४सी चं एक महिन्याचं १ टक्का व्याज लागतं. ३१ मार्चही गेला तर २३४बी चं व्याज १ एप्रिलपासून दर महिन्याला १ टक्का सुरू.

उद्यमबाग_लेथ

जुनी प्रणाली की नवी? एलआयसी, पीपीएफ भरतोय म्हणून जुनीच घ्या, असं फॉर्म भरून देणारे सांगतात.

टिळकवाडी

एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर प्रश्नच मिटला, नवी. त्याच्या वर हिशेब करून बघा. व्यावसायिकाचा नफा १४ लाख असला तर नव्या प्रणालीत कर ९०,००० आणि उपकर धरून ९३,६००. जुन्या प्रणालीत ८०सी चे दीड लाख, एनपीएसचे ५०,०००, आरोग्यविम्याचे २५,००० आणि घरकर्जाच्या व्याजाचे २ लाख असं सगळं पूर्ण वापरलं तरी उरतात ९,७५,०००, आणि त्यावर १,०७,५०० अधिक उपकर, म्हणजे १,११,८००. सगळी वजावट घेऊनही जुनी महागच पडली. १२ लाखांच्या किंचित वर असलात तरी काळजी नको. १२,१०,००० उत्पन्नावर कर वरच्या १०,००० एवढाच, अधिक उपकर. ७५,००० ची प्रमाणित वजावट मात्र पगारदार आणि पेन्शनवाल्यांची, धंदेवाल्यांनी ती धरू नये. शेअर विकून आलेला अल्पमुदतीचा नफा असेल तर त्यावरच्या करालाही ८७ए ची सूट नाही.

धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला पगारदारासारखं दरवर्षी प्रणाली बदलता येत नाही. जुनीत जायचं तर १०-आयईए हा फॉर्म मुदतीच्या आत भरावा लागतो. नंतर नव्यात परत आलं की पुन्हा जुनीत जायचा दरवाजा धंदा आहे तोवर बंद. मुदत उलटल्यावर विवरणपत्र भरलं तर जुनी प्रणाली मिळतच नाही.

पिग्मी_कमिशन

कमिशनवाल्यांनी आयटीआर-३ भरायचा तर खर्च काय काय दाखवता येतो? पिग्मी गोळा करणारे आणि निपाणीतले अडते दोघांनाही उपयोगी पडेल.

वहीखाते

कमिशन मिळवण्यासाठी झालेला खरा खर्च. पेट्रोल, गाडीची दुरुस्ती आणि घसारा (घरगुती वापराचा भाग वगळून), मोबाइल, हाताखालच्या माणसाचा पगार, अडत असेल तर गाळ्याचं भाडं, वजनकाटा, हमालीत आपल्या वाट्याचं काही असेल तर ते. एका माणसाला एका दिवसात १०,००० वर रोख दिलेला खर्च मंजूर होत नाही. घरखर्च, मुलांची फी, स्वतःचा विमा हे धंद्याचे खर्च नव्हेत.

वर्षाचं उत्पन्न २.५ लाखांवर किंवा उलाढाल २५ लाखांवर मागच्या तीन वर्षांत कधीही गेली असेल तर वह्या ठेवणं बंधनकारक. साधी जमाखर्चाची वही, बँकेचं पुस्तक आणि बिलांची फाइल एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

पिग्मीवाल्यांनी आधी २६एएस (आयकर पोर्टलवरचं कापलेल्या कराचं पत्रक) उघडून टीडीएस कुठल्या कलमाखाली कापलाय ते बघावं. १९४एच असेल तर कमिशन (दर ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के). १९२ असेल तर संस्थेने ते पगार म्हणून दाखवलंय, मग फॉर्मही वेगळा आणि ७५,००० ची वजावटही मिळते. विमा एजंटांना १९४डी.

अडत्यांनी शेतकऱ्याच्या मालाची किंमत स्वतःच्या उलाढालीत धरू नये, फक्त आपली अडत धरावी. पट्टीवर माल कुणाचा आणि अडत किती हे वेगळं दिसलं पाहिजे, नाहीतर बँकेत फिरलेली सगळी रक्कम तुमची उलाढाल समजून विचारणा येते.

चंदगड_रस्ता

आयकर देशभर एकच, पण जीएसटीचं आपल्या सीमेवर वेगळं दुखणं आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाख, सेवा देणाऱ्याला किंवा दोन्ही करणाऱ्याला २० लाख. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, त्या याच मर्यादांवरून. भाजी, फळं, सुटं दूध यांवर कर नसतो, पण बेकरी-चहाच्या टपरीवर लागतो. यूपीआयवर घरच्यांचे, मित्रांचे, उसनवारीचे पैसेही येत असतील तर धंद्यासाठी वेगळं खातं आणि वेगळा क्यूआर ठेवा. नंतर वेगळं काढून दाखवणं फार जड जातं.

४० लाखांची सवलत सगळ्या मालाला नाही. विटा, मातीची कौलं, तंबाखू आणि तंबाखूचे पदार्थ, पानमसाला, आइस्क्रीम यांना २० लाखच. खानापूरकडचे वीटभट्टीवाले आणि निपाणीचे तंबाखूवाले ४० लाख धरून बसतात, तिथे गडबड होते.

आता सीमा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकला की मर्यादा राहतच नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी. हस्तकलेच्या ठराविक वस्तू तेवढ्या अपवाद. बेळगावच्या दुकानातून शिनोळीला फर्निचर पाठवणं म्हणजे कर्नाटकातून महाराष्ट्रात विक्री, अंतर कितीही कमी असो. गोव्यालाही तेच. नोंदणी नसलेला गिऱ्हाईक असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासूनचा नियम बिलावरच्या पत्त्याचा आहे. बिलावर गिऱ्हाइकाचा पत्ता, अगदी नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी विक्री त्या राज्यातली धरतात. पत्ता नसेल तर विक्रेत्याचं ठिकाण. त्यामुळे काउंटरवरच्या किरकोळ रोख विक्रीचा प्रश्न येत नाही, घरपोच मालाचा येतो.

सेवेला तशी सक्ती नाही. बेळगावचा प्लंबर, रंगारी कोल्हापुरात किंवा पणजीत काम करत असेल आणि वर्षाची सगळी मिळून उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. घर-इमारतीवरच्या कामाचं ठिकाण म्हणजे ती इमारत जिथे आहे ते राज्य. नोंदणी असेल तर बिलात आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) लावायचा. इथेच लोक चुकतात आणि सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा) लावून बसतात. कर्नाटकाचा क्रमांक २९ ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. समोरच्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायची सवय लावा.

कंपोझिशन योजनेत (छोट्यांनी उलाढालीवर ठराविक टक्के जीएसटी भरायची योजना) असाल तर राज्याबाहेर विक्री करताच येत नाही.

उद्यमबाग_लेथ

म्हणजे वरच्या उदाहरणातल्या मागवाल्याची मजुरी १८ वरून २१ लाख झाली तर?

चंदगड_रस्ता

जॉबवर्क ही सेवा, त्यामुळे २० लाख ओलांडले की नोंदणी, ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज. आयटीआर-४ मध्ये जीएसटी क्रमांक आणि त्यातली उलाढाल विचारतात, दोन्हीकडे आकडे जुळले पाहिजेत.

आणि मशीनिंग-फौंड्रीच्या जॉबवाल्यांनो, उद्यम नोंदणी करून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे मोठ्या ग्राहकाने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. नाहीतर ४३बी(एच) नुसार ग्राहकाला त्या खर्चाची वजावट पैसे देईल त्याच वर्षी मिळते. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्चअखेरीस थकबाकी सुटायला याचा मोठा उपयोग होतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे कलम लागू नाही.

टिळकवाडी

व्यवसाय कराचंही असू द्या. धंदा जिथे, तिथला व्यवसाय कर. कर्नाटकात वर्षाला २,५०० आणि मुदत ३० एप्रिल. निपाणीत राहून कागलला दुकान असेल तर महाराष्ट्राचा, तोही २,५००, मुदत ३० जून. एकाच दुकानासाठी दोन्हीकडे भरायचं नाही.

हिशेबनीस

आता प्रत्यक्ष भरताना काय करायचं.

सुरुवात फॉर्मपासून करू नका. पोर्टलवर लॉगिन करून आधी एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं सरकारकडचं पत्रक) आणि २६एएस उतरवून घ्या. २६एएस मध्ये तुमच्या नावावर १४ लाखांच्या बिलांवर टीडीएस कापलेला दिसतोय आणि तुम्ही उलाढाल ९ लाख दाखवली, तर सदोष विवरणपत्राची नोटीस येणारच. ती आली की उत्तराला १५ दिवस असतात. एआयएस मध्ये चुकीची नोंद असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते. पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज एआयएसमध्ये दिसलं नाही म्हणून ते सोडायचं नाही, पासबुकावरून घाला.

मग बँक खात्याचं पूर्वप्रमाणन, म्हणजे परतावा जमा व्हायचं खातं पोर्टलवर आधीच तपासून घेणं. कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत विलीन झाली, सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात गेली. खात्याचा आयएफएससी बदलला असेल तर पोर्टलवर जुनं खातं काढून नव्याने घाला. परतावा अडकण्याचं हे एक नेहमीचं कारण.

दुसरं कारण नाव. आपल्याकडे आधार कन्नडवरून इंग्रजीत गेलेलं असतं आणि पॅन मराठी उच्चारावरून केलेलं. कांबळे, देसाई, जाधव यांच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे असतं. शिवाय एका ठिकाणी आद्याक्षर आधी आणि नाव मागून, दुसरीकडे नाव-वडील-आडनाव. पॅन आणि आधार जुळत नसेल तर जोडणी होत नाही, आणि जोडणी नसली की पॅन निष्क्रिय होतं : टीडीएस २० टक्क्यांनी कापतात आणि परतावा थांबतो. आधी आधार दुरुस्त करा, मग त्याबरहुकूम पॅन, मग बँक. उलट्या क्रमाने गेलं की दोनदा खेटे पडतात.

फॉर्ममध्ये उलाढाल बँकेतली आणि रोख वेगळी विचारतात. ६ टक्क्यांसाठी पैसे विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेत आलेले हवेत. त्याखाली चार रकाने रिकामे सोडता येत नाहीत : ३१ मार्चला देणेकरी किती, शिल्लक माल किती, येणेकरी किती, हातात रोकड किती. शून्य शून्य टाकून पुढे जाऊ नका. किराणा दुकानात शिल्लक माल शून्य असूच शकत नाही. ३१ मार्चच्या संध्याकाळी दुकानातला माल आणि गल्ला मोजून वहीत लिहा, तोच आकडा घाला.

शेवटी सत्यापन, ३० दिवसांच्या आत. आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी सगळ्यात सोपा. ते राहिलं तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरतात.

मुदतीची तारीख पोर्टलवर बघून घ्या. गेल्या वर्षी ती ३१ जुलैवरून १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत गेली होती, म्हणून ऐकीव तारखेवर राहू नका. उशीर झाला तर उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० आणि त्यावर असल्यास ५,००० विलंब शुल्क.

वहीखाते

फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्यांसाठी. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच ठेवा, नाहीतर नोटीस भरणाऱ्याकडे जाते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. पोचपावतीच्या जोडीला पूर्ण भरलेल्या विवरणपत्राची प्रत मागून घ्या आणि त्यात उलाढाल, वजावट, बँक खातं वाचा. "जास्त परतावा काढून देतो, त्यातला हिस्सा द्या" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. न भरलेला विमा, न दिलेली देणगी दाखवून परतावा काढला तर चुकीच्या माहितीचा दंड कराच्या २०० टक्के, आणि तो तुमच्या पॅनवर लागतो.

शहापूर_माग

४४एडी एकदा धरलं की सोडता येत नाही म्हणतात?

हिशेबनीस

सोडता येतं, पण किंमत आहे. एकदा ४४एडी घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत कधी ६-८ टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवला, तर त्यानंतरची पाच वर्षं ४४एडी मिळत नाही. त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही. एखाद्या वर्षी सुताचे भाव पडले म्हणून तोटा दाखवायचा विचार असेल तर पुढच्या पाच वर्षांचा ऑडिटचा खर्च आधी मोजा.

खानापूर_बचत

बचतीवर कोणी बोललं नाही. नव्या प्रणालीत ८०सी नाही, मग पीपीएफ-विमा बंद करायचा का, हा प्रश्न गावोगाव विचारायलेत.

टिळकवाडी

बंद करायचं कारण नाही. कर वाचवण्यासाठी घेतलेली गोष्ट म्हातारपणासाठीही होतीच. ज्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, त्याला तर ती जास्त लागते. पीपीएफचं व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त आहे. वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं, दर सध्या ७.१ टक्के. महिन्याच्या ५ तारखेनंतर आणि महिनाअखेरीपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असते त्यावर व्याज मोजतात, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरा. मुलगी १० वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी, सध्या ८.२ टक्के.

अटल पेन्शन १८ ते ४० वयासाठी. १ ऑक्टोबर २०२२ पासून करदात्याला नव्याने घेता येत नाही. करदाता म्हणजे ज्याला कर देणं लागतो तो. नुसतं शून्य कराचं विवरणपत्र भरल्याने कुणी अपात्र होत नाही, त्या भीतीने विवरणपत्र टाळू नका. महिन्याचं उत्पन्न १५,००० पर्यंत असणाऱ्या असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन : वयानुसार महिन्याला ५५ ते २००, तेवढेच सरकार घालतं, साठीनंतर ३,००० पेन्शन.

आरोग्यविमा आणि आयुर्विम्याच्या वैयक्तिक हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. त्यानंतरच्या नूतनीकरणाच्या पावतीवर तो लावलेला नाही ना ते बघा.

खानापूर_बचत

आणि पिग्मी? रोजच्या गल्ल्यातून तीच एक बचत होते.

वहीखाते

रोज बाजूला काढायची सवय उत्तमच, ती मोडू नका. फक्त पैसे कुठे साठतात ते बघा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, डीआयसीजीसीचं (ठेवींचा विमा उतरवणारं महामंडळ) ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था यांना ते नाही. पाटीवर "बँक" शब्द आहे का आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का हे विचारून घ्या. पिग्मी वर्षभर गोळा होऊ द्या, मुदत पूर्ण झाली की ती रक्कम बँकेतल्या किंवा टपालातल्या ठेवीत हलवा. आयुष्याची पुंजी एकाच संस्थेत नको.

जीएसटी नोंदणी असलेल्यांनी गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर वेगळ्या खात्यात ठेवावा. तो धंद्यात फिरवला की २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरताना उसनवारी सुरू होते.

उद्यमबाग_लेथ

आगाऊ कर भरताना चलनात कुठलं वर्ष निवडायचं? यंदा नवा कायदा आल्यामुळे गोंधळ व्हायलाय.

हिशेबनीस

ई-पे टॅक्समध्ये करनिर्धारण वर्ष २०२६-२७ आणि प्रकार आगाऊ कर, म्हणजे १००. आर्थिक वर्ष २०२५-२६ डोक्यात असल्यामुळे लोक करनिर्धारण वर्षही २०२५-२६ निवडतात आणि भरलेला पैसा मागच्या वर्षाच्या खात्यात जाऊन बसतो. तसं झालं तर सात दिवसांच्या आत पोर्टलवरच सेवा विभागातून चलन दुरुस्ती करता येते. त्यानंतर करनिर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. ३१ मार्चनंतर, विवरणपत्र भरताना उरलेला कर भरायचा असेल तर प्रकार ३०० निवडा. यंदा १५ मार्च रविवारी येतोय, नेटबँकिंगने त्या दिवशीही भरता येतं, पण बँकेच्या खिडकीवर भरणाऱ्यांनी शुक्रवार, १३ तारखेपर्यंत उरकून घ्यावं, १४ ला दुसरा शनिवार आहे.